टेकसाठी एमबीए करायचंय? कॉलेज निवडण्यापासून मामलेदार कचेरीपर्यंत सगळं

ऑगस्ट लागला की आपल्या गोव्यात फर्मागुडीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करून दोन-तीन वर्षं आयटीत काढलेल्या पोरांचे मेसेज सुरू होतात, दादा टेकमध्येच राहायचंय पण कोडिंग नको, कुठलं एमबीए करू. मी आधी उलट विचारतो, कोडिंग नको ते ठीक, पण मग हवं काय? प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, डेटा ॲनालिटिक्समध्ये जायचंय की सॉफ्टवेअर विकायचंय? हे ठरलं नसेल तर कॉलेजची लिस्ट काढून काही उपयोग नाही, कारण प्लेसमेंट रिपोर्टमध्ये बघायचं तेच असतं. सरासरी पॅकेजचा आकडा सोडून द्या, दोघाचौघांना मोठा पगार मिळाला की सरासरी वर जाते. मीडियन, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले की मधोमध येतो तो आकडा बघा, आणि टेक कंपन्यांनी किती जणांना घेतलं यापेक्षा कुठल्या रोलला घेतलं ते बघा. नाव मोठ्या टेक कंपनीचं आणि काम ऑपरेशन्सचं, असं भरपूर असतं.

गोव्यातच राहायचं तर दोन नावं पुढे येतात. साखळीजवळ पर्येला जीआयएम, म्हणजे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, १९९३ पासूनचं, आधी रायबंदरला जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत होतं. तिथे पीजीडीएम मिळतं, आणि त्यात बिग डेटा ॲनालिटिक्सचा वेगळा कोर्स आहे, डेटावाल्यांनी तो नक्की बघावा. दुसरं ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल, तिथे एमबीएची डिग्री मिळते आणि कॉम्प्युटर सायन्सही त्याच स्कूलखाली येतं. पीजीडीएम की एमबीए यावर घरात वाद होतात, पण फरक एवढाच की स्वायत्त संस्था डिप्लोमा देते आणि विद्यापीठ डिग्री. कंपन्या यावर अडत नाहीत, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता आहे ना तेवढं बघून घ्या. आयआयएमना मात्र २०१७ च्या कायद्यानंतर स्वतःची डिग्री देता येते.

आता परीक्षा. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, फॉर्म ऑगस्टच्या सुरुवातीला सुटतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर बंद होतो. दोन तासांचा पेपर, तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं. एक्सएटी ही एक्सएलआरआयची परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला. कॅटचा स्कोअर त्याच सीझनपुरता चालतो, जीमॅट या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा पाच वर्षं, त्यामुळे अजून नोकरी करून मग आयएसबीसारख्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एक वर्षाच्या कोर्सला जायचं मनात असेल तर जीमॅटच दिलेली बरी.

कॅटच्या फॉर्ममध्ये हव्या तेवढ्या आयआयएमवर टिक करा, फी एकदाच लागते. पण बाकीच्या कॉलेजांचं तसं नाही, त्यांचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, तारीख वेगळी. कॅट दिली म्हणजे जीआयएमलाही अर्ज झाला असं समजून बसलेली पोरं मी दरवर्षी बघतो.

पात्रता सोपी आहे. कॅटला कुठल्याही शाखेची पदवी ५० टक्क्यांनी, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५ टक्के, शेवटच्या वर्षाला असाल तरी चालतं. सीजीपीए असेल तर आपल्या मनाने दहाने गुणू नका, विद्यापीठाचं सूत्र असेल तेच धरायचं, सूत्रच नसेल तर मिळालेला सीजीपीए भागिले कमाल सीजीपीए गुणिले शंभर. आणि हो, दहावी-बारावीचे मार्क बऱ्याच आयआयएम शॉर्टलिस्टमध्ये धरतात, ते आता बदलता येत नाहीत, पण कुठली आयआयएम कशाला किती वजन देते ते वाचून मगच आशा लावावी.

खरा घोळ कागदपत्रांत होतो. दहावी-बारावीची मार्कशीट, पदवीची मार्कशीट, नोकरीचं अनुभवपत्र, फोटो, सही, हे घरात असतंच. आरक्षणातून अर्ज करायचा तर दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा, राज्याचा चालत नाही. ओबीसी असाल तर तुमची जात केंद्राच्या गोव्यासाठीच्या यादीत आहे का ते आधी बघा, शिवाय नॉन-क्रीमी लेअर हवं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला चालू आर्थिक वर्षातला लागतो. गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून एसटीत आहेत, त्यांनी एसटीच लिहायचं. एकदा कॅटेगरी भरली की नंतर बदलत नाहीत.

आणि आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे नावाचं स्पेलिंग. आजोबांच्या जन्मदाखल्यावर शिरोडकर पोर्तुगीज वळणाने एक्सने सुरू होतं, तुमच्या मार्कशीटवर एस-एचने. माझ्या वेळी दाखल्याच्या काउंटरवरच्या क्लार्कने पेनाचं टोक त्या एक्सवर टेकवलं आणि म्हणाला, हो मनीस वेगळो दिसता, म्हणजे हा माणूस वेगळा दिसतोय. तो आजोबाच आहे हे त्यालाही कळत होतं, पण कागदाला कळायला हवं ना. अशा वेळी मामलेदाराकडून डायव्हर्जन्स सर्टिफिकेट काढायचं, म्हणजे दोन्ही नावांचा माणूस एकच असा दाखला. त्याला वेळ जातो आणि फॉर्मच्या नेमक्या त्याच दिवसांत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते, कचेऱ्या बंद, घरी माटोळीची गडबड. म्हणून हे जूनमध्येच उरकून टाका. कॅटच्या फॉर्मवरचं नाव आणि परीक्षेला दाखवायचं ओळखपत्र एकसारखं आहे ना तेही त्याच फेरीत बघून घ्या.

पैशांचं थोडक्यात सांगतो. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिला मामलेदाराचा रहिवासी दाखला लागतो, तो त्याच फेरीत काढा. दुसरी २०२४ ला मंजूर झालेली केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी, रँकिंगमधल्या ठरावीक संस्थांसाठी. तारण नाही, जामीनदार नाही, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते ॲडमिशन घ्यायच्या आधी बघा, नंतर बघून काय करणार.

फी भरली की पूर्ण फॉर्मचं पीडीएफ काढून ठेवा, अनुभवाचे महिने किती लिहिले, कामाचं वर्णन काय केलं, सगळं. फेब्रुवारी-मार्चला इंटरव्ह्यू होतात तेव्हा समोरच्या प्रोफेसरांच्या हातात तोच फॉर्म असतो, आणि तुम्ही मात्र ऑगस्टमध्ये काय लिहिलं होतं ते आठवत बसता.