शेपटी तुटलेला सॉफ्ट ल्यूर चिकटवू नका, वितळवून जोडा

गोव्यात खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाशी किंवा रायबंदरच्या कॉजवेवर चोणकासाठी, म्हणजे मुंबईकडच्या जिताड्यासाठी, सॉफ्ट प्लास्टिकचा ल्यूर, म्हणजे गळाला लावायचं मऊ खोटं आमिष, टाकणाऱ्या प्रत्येकाला केंड, म्हणजे पफरफिश, चांगलाच माहीत असतो. चोणक अख्खा ल्यूर तोंडात ओढून घेतो, केंड मात्र मागून येऊन शेपटी साफ कापून नेतो, आणि पॅडल टेलची, म्हणजे वल्ह्यासारख्या शेपटीच्या ल्यूरची, शेपटीच गेली की पाण्यात फडफडायला राहतंच काय. मग घरी मेहनतीने ओतून केलेला ल्यूर एकतर कचऱ्यात जातो नाहीतर फेविक्विक लावून कसातरी जोडला जातो, आणि मला हे दोन्ही पटत नाही, कारण या मटेरियलमध्येच दुरुस्तीची सोय आहे.

साच्यात ओततो तो दुधाळ द्रव म्हणजे प्लास्टिसॉल. त्यात पीव्हीसीचे, म्हणजे नळाच्या पाइपाच्याच प्लास्टिकचे, अगदी बारीक कण एका तेलकट द्रवात मिसळलेले असतात, त्या द्रवाला म्हणतात प्लास्टिसायझर. नुसतं पीव्हीसी कडक का, तर त्याच्या लांबच लांब साखळ्यांवर क्लोरीनचे अणू असतात, त्यामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना ओढून धरतात आणि साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत हलूच देत नाहीत. प्लास्टिसायझरचे रेणू मधे शिरले की ही ओढ सैल पडते. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचा केमिस्ट १९२६ साली धातूला रबर चिकटवायचं काहीतरी शोधत होता, त्यात त्याला हे मऊ पीव्हीसी सापडलं, आणि पुढे १९४९ मध्ये त्याच अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीमने प्लास्टिकचं पहिलं मऊ गांडूळ साच्यात ओतलं. गळाला लावायचं गांडूळ हो, आजचे सगळे शॅड आणि ग्रब, म्हणजे माशाच्या आणि अळीच्या आकाराचे ल्यूर, त्याचेच वंशज.

प्लास्टिसॉल तापवलं की कण भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे तो द्रव शोषून फुगतात, आधी घट्ट होतात, मग १७५ अंशांच्या आसपास सगळं एकजीव होऊन पारदर्शक आणि पातळ होतं. थंड होताना साखळ्यांचे छोटे छोटे भाग नीट ओळीत लागून स्फटिक बनतात आणि तेच बाकीच्या सैल जाळ्याला धरून ठेवतात. मुद्दा इथेच आहे. या जागा रासायनिक बंधांनी पक्क्या झालेल्या नसतात, पुन्हा उष्णता दिली की सुटतात आणि थंड झाल्यावर परत बसतात. टायरच्या रबरात गंधकाचे पक्के बंध असतात म्हणून ते तापवलं तर जळेल पण वितळणार नाही, सिलिकॉनचंही तेच. आपला ल्यूर मात्र वितळतो.

म्हणून जोडायचं ते असं. दोन्ही टोकं ब्लेडने सरळ कापा, साबणाने धुऊन माशाच्या वासाचं तेल घालवा आणि पूर्ण वाळवा, खाडीच्या पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होऊन जोडात बुडबुडे पडतात. एक पातळ स्टीलची पट्टी मेणबत्तीवर तापवा, ती दोन्ही टोकांच्या मधे धरा, दोन्ही तोंडं तिला एकाच वेळी टेकवा. दोन-तीन सेकंदांत कापलेली मॅट बाजू चकचकीत ओली दिसायला लागते, त्या क्षणी पट्टी सरकवून काढा, टोकं दाबा आणि हात न हलवता थंड होऊ द्या. त्या चकचकीत थरात साखळ्या मोकळ्या झालेल्या असतात आणि दाबल्यावर इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे शिरतात, म्हणजे नीट जमलं तर मधे वेगळा असा थर राहतच नाही. पूर्ण थंड झाल्यावर ताणून बघा, जोड उघडायला लागला तर पट्टी कमी तापली होती किंवा टोक तेलकट होतं. मीठ घातलेल्या ल्यूरचा जोड तसाही थोडा कच्चाच राहतो, मिठाचे कण मधे येतात.

धूर दिसला की पट्टी जास्त तापली, थांबा. पीव्हीसी फार तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, नाकाडोळ्यांना झोंबतो, आणि प्लास्टिक आधी पिवळं मग तपकिरी पडतं. सोल्डरिंग गनचं टोक ३०० अंशांच्या वर जातं, म्हणून मला ते आवडत नाही. काम बाल्कनीत किंवा अंगणात करा, आणि तुटके तुकडे वितळवून परत ओतणार असाल तर जेवणाचं भांडं किंवा घरातला मायक्रोवेव्ह अजिबात वापरू नका, ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

फेविक्विकचं काय, तर ते हवेतल्या ओलाव्याने पटकन घट्ट होतं खरं, पण काचेसारखं कडक होतं. आजूबाजूचा ल्यूर वाकतो आणि तो थर वाकत नाही, मग सगळा ताण त्याच्या कडेवर येतो आणि तिथूनच फाटतं. जिग हेडवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळावर, ल्यूर घसरू नये म्हणून एक थेंब लावा, त्याला ते उत्तम.

दुरुस्त केलेले ल्यूर ठेवताना मात्र बघा. प्लास्टिसायझर तिथेच बांधलेला नसतो, तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरीनच्या कडक पारदर्शक डब्यात ठेवले तर डबाच मऊ करून टाकतो, पॉलिप्रोपिलीनचा डबा चालतो. आणि बाजारात खूप ताणले जाणारे, पाण्यावर तरंगणारे टीपीईचे, म्हणजे रबरासारख्या वेगळ्या प्लास्टिकचे, ल्यूर मिळतात, ते पीव्हीसीच्या ल्यूरबरोबर एका खणात ठेवलेत तर उन्हात तापलेल्या गाडीत दोन्हींचा मिळून एक चिकट गोळा होतो, तो काही वितळवून सरळ होत नाही.