हस्ताच्या ओलीवरची ज्वारी

'आपल्या भागात पिकलेलं खा' हा सल्ला आता सगळीकडे ऐकू येतो, आणि त्यामागचं गणित बहुतेक जण किलोमीटरमध्ये मांडतात. माल किती लांबून आला, ट्रकने किती डिझेल जाळलं वगैरे. पण जगभरात अन्नामुळे जे हरितगृह वायू हवेत जातात, त्यांत वाहतुकीचा वाटा साधारण 6 टक्के निघतो. मोठा भाग शेतीच्या टप्प्यावरच घडून गेलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातला भरमसाट पाणी पिणारा ऊसही सोलापूरकरांसाठी स्थानिकच की! म्हणून मी अंतराआधी पाणी विचारते.

त्या कसोटीवर याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उतरते. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरायची, फेब्रुवारीच्या सुमारास काढायची. मधल्या काळात पाऊस जवळजवळ नसतोच. तरी पीक येतं, कारण तिथल्या खोल काळ्या जमिनीतली चिकणमाती हस्त नक्षत्राचं, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी पडणारं, पाणी शोषून फुगते आणि ते महिनोन्‌महिने धरून ठेवते. ज्वारीची मुळं दीड मीटरपर्यंत खाली जाऊन ही ओल उचलतात. पानांवर मेणाचा पांढुरका थर असतो. ताण पडला की पानं गुंडाळली जातात आणि बाष्पाची गळती कमी होते.

खरी करामत पानाच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) जरा धांदरट आहे. ऊन वाढलं की कार्बन डायऑक्साइडऐवजी ते अनेकदा ऑक्सिजनच धरतं, आणि वनस्पतीची कमाई वाया जाते. भात आणि गव्हाला हा तोटा सोसावा लागतो. ज्वारी आधी कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या विकराकडून पकडून घेते, मग शिरांभोवतीच्या पेशींत त्याची दाटी करते आणि तिथेच रुबिस्कोला कामाला लावते. त्यामुळे पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचतं. गंमत म्हणजे उसातही हीच यंत्रणा आहे. फरक मुदतीचा. ज्वारी चार-साडेचार महिन्यांत शेत मोकळं करते, ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो आणि त्यात आख्खा उन्हाळा पितो.

भाताच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. पाणी तुंबलेल्या खाचरात प्राणवायू नसतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन हा हरितगृह वायू सोडतात. कोरडवाहू ज्वारीच्या रानात तो प्रश्नच येत नाही.

ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि तितकाच तंतू असतो. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू 3 ग्रॅमही भरत नाही. मात्र ज्वारीला चमत्कारी धान्य म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिची प्रथिनं शिजवल्यावर एकमेकांत गुंततात आणि पचायला थोडी अवघड होतात. लोह आहे, पण धान्यातलंच फायटेट नावाचं संयुग ते अडवून धरतं. सोबत लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ कढत पाण्यात मळावं लागतं. उष्णतेने पिष्ट फुगून चिकटपणा येतो, तेव्हा कुठे भाकरी थापली जाते. पीठ जुनं होऊन विरी (पिठाचा चिकटपणा) गेली असेल तर सुगरणीचीही भाकरी चिरते.

विकत घेताना रब्बीची मागा. खरिपातली ज्वारी कणसं भरताना पावसात सापडली की बुरशीने काळी पडते, आणि ती बरीचशी पशुखाद्याकडे जाते.

इतकं असूनही शेतकरी मालदांडी सोडून हरभऱ्याकडे वळतोय. उंच ताटं, हाताने उपटणी, आणि त्या कामाला माणसं मिळत नाहीत. बुटकं वाण आणलं तर यंत्राने कापता येईल, पण मग कडबा कमी पडतो. आणि ज्याच्या दावणीला दोन जनावरं आहेत, त्याला कडबाही धान्याइतकाच हवा असतो.