'कांगारू' म्हणजे 'मला माहीत नाही' असं अजिबात नाहीये
कॅप्टन कुकने प्राण्याचं नाव विचारलं, तिथला माणूस 'कांगारू' म्हणजे 'मला माहीत नाही' म्हणाला आणि इंग्रजीत तेच नाव पडलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये पण ती खोटी आहे, आणि ज्यांनी शब्द दिला त्यांनाच अडाणी ठरवते म्हणून मला जास्तच खटकते. १७७० मध्ये कुकचं जहाज प्रवाळावर आदळलं, दुरुस्तीसाठी ते ऑस्ट्रेलियात एन्डेव्हर नदीकाठी थांबले तेव्हा तिथल्या गुगु यिमिथिर भाषेतला 'गंगुरु' त्यांनी लिहून घेतला, एका मोठ्या जातीच्या कांगारूचंच नाव. १८२० मध्ये फिलिप किंग या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला तिथेच 'मिनुआ' असा वेगळा शब्द मिळाला, बहुतेक 'मिन्हा', म्हणजे खायचा प्राणी, आणि लोकांना वाटलं कुकच चुकला. १९७०च्या दशकात भाषा-अभ्यासक जॉन हॅविलंड यांनी ती भाषा अभ्यासली, तेव्हा 'गंगुरु' तिथे बोलण्यात होताच.