थर्मोस्टॅट वेगळा, फॅनचा स्विच वेगळा

जुनी मारुती ८००, झेन किंवा सँट्रो वापरणाऱ्यांकडून दर उन्हाळ्यात हे ऐकायला मिळतं : "फॅन लागत नव्हता, म्हणून थर्मोस्टॅट बदलला." किंवा त्याहून वाईट : "थर्मोस्टॅट काढूनच टाकला." पहिल्या वाक्यात बदललेला भाग बहुतेक वेळा फॅनचा स्विच असतो, दुसऱ्यात काढून टाकलेला खराखुरा थर्मोस्टॅट. दोन्ही पाण्याच्या तापमानावर चालतात आणि कित्येक इंजिनांत जवळजवळच बसवलेले असतात. त्यात इस्त्री-गीझरचा थर्मोस्टॅट वीज तोडतो-जोडतो, म्हणून गाडीतलाही तेच करत असणार असं लोक धरून चालतात. या गाड्यांच्या थर्मोस्टॅटला एकही वायर नसते.

रेडिएटर आणि पंप काय करतात ते सांगत बसत नाही. विजेचा पंखा का आला एवढं मात्र सांगतो. फियाट, अँबेसेडरमध्ये पंखा इंजिनच्या बेल्टवर फिरायचा. पुढे इंजिन आडवं बसू लागलं, त्याचं बेल्टाचं टोक बाजूला गेलं आणि रेडिएटर समोरच राहिला. मग पंख्याला स्वतःची मोटर आली आणि ती कधी सुरू करायची हे ठरवणारा स्विच आला.

थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची झडप आहे. तिच्या पितळी डबीत मेण असतं. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगतं, स्प्रिंग दाबतं आणि इंजिनचं पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. आकडा बऱ्याचदा झडपेवरच कोरलेला असतो. फॅनचा स्विच त्याच्या बराच वर, पंचाण्णवच्या आसपास जुळतो आणि काही अंश खाली आल्यावर सुटतो. म्हणजे आधी झडप उघडायची, रेडिएटर तापायचा आणि वाऱ्याने भागलं नाही तरच पंखा लागायचा. हायवेवर ऐंशीच्या वेगात पंखा लागत नाही म्हणून घाबरू नका, तिथे त्याची गरजच नसते.

खरी फसगत पुढे आहे. तापमानाचा काटा लालकडे चाललाय आणि पंखा गप्प आहे, हे पाहिलं की सगळे पंख्यावर तुटून पडतात. आधी रेडिएटरला हात जवळ नेऊन पाहा. तो भट्टीसारखा तापलेला असेल तर दोष पंख्याच्या बाजूचा : स्विच, फ्यूज, रिले (मोटरचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच), वायर किंवा मोटर. अशी गाडी सिग्नलला आणि घाटात पहिल्या गिअरला तापते, मोकळ्या रस्त्यावर शांत राहते. रेडिएटर गार असेल तर बहुधा झडप बंदच अडकली आहे. अशी गाडी पहाटे मोकळ्या रस्त्यावरसुद्धा थोड्याच वेळात तापते. स्विच रेडिएटरच्या टाकीत असेल तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाही आणि पंखा लागत नाही, तरी स्विच, रिले, मोटर सगळं ठणठणीत! स्विच इंजिनच्या बाजूला असेल तर उलट चित्र दिसतं. पंखा घोंघावतोय, रेडिएटर गार आणि काटा वर. दोन्ही वेळा गुन्हेगार एकच, आणि नवी मोटर घेऊन काहीही सुटत नाही.

पाणी कमी असलं किंवा हवा अडकली तरी स्विच कोरडा राहतो आणि पंखा लागत नाही. म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून पातळी पाहा. नुसत्या बाहेरच्या बाटलीवर विश्वास ठेवू नका.

पंख्याची बाजू तपासायला महागडं काही लागत नाही. स्विचचा सॉकेट काढा, चावी ऑन करा आणि सॉकेटमधल्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडा. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. बोटं पात्यांपासून लांब ठेवा. पंखा फिरला तर मोटर, फ्यूज, रिले निर्दोष सुटले. उरला स्विच, किंवा त्याच्यापर्यंत न पोचणारं गरम पाणी. नाही फिरला तर मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. तरीही गप्प, तर मोटर गेली. फिरली, तर फ्यूज, रिले, अर्थिंग बघा. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची पद्धत) आल्यावर बऱ्याच गाड्यांत पंख्याचा हुकूम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेला. तिथे तारा जोडू नका. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा सॉकेट नुसता काढून पाहा, कित्येक गाड्यांत ईसीयू खबरदारी म्हणून पंखा लावतो. काट्याचा सेन्सर हा बहुतेक जुन्या गाड्यांत आणखी तिसराच भाग असतो.

झडपेची परीक्षा गॅसवर होते. ती दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकवता लोंबकळत सोडा, शेजारी थर्मामीटर ठेवा. ८२ च्या पुढे फट दिसू लागली आणि पाणी उकळेपर्यंत ती चांगली रुंदावली तर झडप शाबूत आहे. किंचितच उघडली तर ती बदला. अशी झडप असलेली गाडी गावात ठीक चालते आणि घाटात उकळते.

थर्मोस्टॅट काढून टाकणं आणि फॅन डायरेक्ट करणं (स्विच वगळून सतत चालू ठेवणं), या दोन जुगाडांना माझा ठाम विरोध आहे. झडप नसली की इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त जातं आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत तर बायपासची वाट बंद करण्याचं कामही याच झडपेचं असतं. ती काढली की थोडं गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनातच फिरतं. डायरेक्ट केलेल्या फॅनने मोटरचे कार्बन (ब्रश) लवकर झिजतात, अल्टरनेटरवर विनाकारण भार पडतो आणि मूळ दोष दडून राहतो.

नवी मोटर बसवलीच असेल तर पंखा चालू असताना पुढच्या जाळीसमोर कागद धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून आला तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे आणि पंखा उलटा फिरतोय.