ढाळजेतला पाव्हणा

धाराशिवची शेवटची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली आणि तेरच्या थांब्यावर मी एकटी उरले. वस्तुसंग्रहालय, मग त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, यात वेळेचं भान राहिलं नव्हतं. समोरच्या जुन्या वाड्यातून एका आजींनी हाक मारली, "कुठं जायलीस गं आता? ये की, पाणी पे आधी." पितळी तांब्या आला, सोबत वाटीत गुळाचा खडा. पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. मग गाव विचारलं. नाव तर चुलीवर पहिली भाकरी पडल्यावर विचारलं.

मराठवाड्यात एकट्यानं फिरणारे असे अनुभव सांगतात आणि "माणसं फार साधी" म्हणून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. आधी पाणी, मग गाव, मग नाव, ही रीत आहे. ती शिकलेली आहे आणि तिच्यामागे फार जुना रस्ता आहे.

तो रस्ता तेरवरूनच जायचा. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी वृत्तांतात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नोंद आहे. भडोच बंदरापासून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर आणखी 10 दिवसांवर. धड रस्ता नसलेल्या मुलखातून कापड गाड्यांवर लादून बंदराकडे जायचं. दहा दिवसांच्या वाटेवर मुक्काम लागतात, बैलांना पाणी लागतं. पाणी कमी असलेल्या या मुलखात परक्याला आपल्या आडावर येऊ देणं हीच पहिली मेहमानी होती.

याच तेरमध्ये गोरोबाकाकांचं घर होतं. संतमंडळी त्यांच्याकडे जमली असताना त्यांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपण सगळे ऐकत आलोय. मला त्या कथेतलं वेगळंच काही लक्षात राहतं. एवढे सगळे उतरले होते एका कुंभाराच्या घरी.

पाहुण्याची सोय पुढे घराच्या बांधणीतच आली. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या वाड्यांना दरवाजातून आत शिरताच ढाळज असते. दोन्ही बाजूंना उंच ओटा, वर छप्पर, पलीकडे चौक. अनोळखी माणूस इथे बसू शकतो, जेवू शकतो, घोंगडी अंथरून झोपू शकतो आणि घरातल्या बायामाणसांना अवघडल्यासारखं होत नाही. म्हणजे कोण येणार हे माहीत नसतानाच त्याच्यासाठी जागा बांधून ठेवलेली. लहान घरात तेच काम ओसरी करायची, नाहीतर अंगणातली बाज. हल्लीच्या स्लॅबच्या घरांना ढाळज नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला गर्दी होते, पण ती कुणासाठी दळत होती हे फार थोडे विचारतात. ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. बुखाऱ्याच्या बाजूनं आलेला हा सूफी, त्याच्या नावातच मुसाफिर. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलं, त्या धारेवर जातं फिरवलं आणि पडलेलं पीठ खानकाहमधल्या, म्हणजे सूफी मठातल्या, फकिरांच्या, वाटसरूंच्या भाकरीला गेलं. वाटसरूसाठी पाण्याकडून दळण करून घेणारं हे शहर आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो, तिथेही पंगतीत बसणाऱ्याला नावगाव विचारत नाहीत.

आणि वारी. पैठणहून नाथांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरीकडे जाते, शेगावची पालखी परळी, अंबाजोगाई, धाराशिव करत जाते. आश्विनात तुळजापूरच्या रस्त्यावर रात्रभर पायी भाविक असतात. कुठल्या गावात पिठलं-भाकरी, कुठं चहा, कुठं नुसतं पाय चेपायला गरम तेल. घरातली पोरं लहानपणापासून हे वाढप करतात. दमून आलेल्या माणसाला कसं बसवायचं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आणखी एक कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. इथली माणसं स्वतः परमुलखात राहिलेली आहेत. 1972 च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला बाहेर पडली. बीडची हजारो कुटुंबं आजही दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, साखर कारखान्यांच्या आसपास कोप्यांत सहा महिने काढतात. अंधार पडताना अनोळखी गावात उभं राहणं काय असतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. तेरच्या आजीही जेवताना म्हणाल्या, "आमी बी लई हिंडलो बाई, तांब्याभर पान्याला."

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला तर बाजारपेठ ओस पडते. सगळी शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पूजा, भज्जी, आंबील, उंडे. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला हाका मारून बसवतात. नाही म्हणून पुढे गेलात तर पुढच्या शेतातून हाक येते.

त्या रात्री साडेनऊला मुक्कामी गाडी आली. चालक-वाहक तांब्या घेऊन सरळ आमच्याच ढाळजेत हातपाय धुवायला आले. आजींनी आधीच परातीत त्यांच्या वाटणीच्या भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या, शेजारून येसराची आमटी आली होती. मी आत आजींच्या शेजारी झोपले. पहाटे वाहकानंच दरवाजातून आवाज दिला, "पाव्हण्या, उठा, गाडी सुटायलीय." त्याच्या हातात फडक्यात बांधलेले चार धपाटे होते. दोन माझे, दोन त्या दोघांचे.