जेन्किन्सचा राखीव अ‍ॅडमिन : अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा आणि सोबत काय जोडायचं

जेन्किन्स म्हणजे कोड आपोआप बिल्ड करून, तपासून देणारा सर्व्हर. त्याचं लॉगिनच बंद पडलं तर आत शिरून ते पुन्हा चालू करणारा माणूस म्हणजे राखीव अ‍ॅडमिन. आधी एक गैरसमज दूर करू. जेन्किन्समध्ये अ‍ॅडमिनचा हक्क मिळाला म्हणजे तुम्ही राखीव अ‍ॅडमिन झालात असं नाही. जेन्किन्सला एका वेळी लॉगिनची एकच व्यवस्था चालते. कंपनीचं एलडॅप (सगळ्या कर्मचाऱ्यांची खाती एका जागी ठेवणारी यादी) जोडलं की जेन्किन्सच्या स्वतःच्या यादीतलं जुनं 'अ‍ॅडमिन' खातं दारावर चालत नाही. मग जेन्किन्सच्या वतीने एलडॅपशी बोलणाऱ्या सर्व्हिस खात्याच्या पासवर्डची मुदत एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी संपली, तर नव्याने लॉगिन करणारे सगळेच बाहेर, अ‍ॅडमिनसुद्धा. (टीमसिटी या तशाच दुसऱ्या साधनावाले इथे सुखी. सर्व्हर सुरू होताना त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, सुपर युजरचं टोकन छापून येतं, ते टाकलं की थेट आत.)

म्हणून अर्ज हवा तो सर्व्हरच्या मशीनवर एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरण्याची सोय) आणि सुडो (तिथे सर्वाधिकाराने आज्ञा चालवण्याची मुभा) मिळावं यासाठी, म्हणजे लॉगिन बंद असतानाही जेन्किन्सची सेटिंगची फाइल बदलता येईल. तो बिल्ड टीमकडे करून उपयोग नाही, मशीन ज्यांच्या ताब्यात आहे त्या इन्फ्रा टीमकडे तिकीट टाका. नियम कंपनीगणिक बदलतात, पण पात्रता साधारण अशी ठेवावी: कायम कर्मचारी, ऑन-कॉलच्या (अडचण आली की धावून जाण्याच्या) पाळीत नाव, आणि मुख्य अ‍ॅडमिनसोबत एकाच वेळी रजेवर न जाणारा. तिसरी अट कागदावर क्वचितच दिसते, पण गणपतीत तीच नडते.

तिकिटाला मॅनेजरची मंजुरी, मशीनचं नाव, कारण, हक्काची मुदत आणि एसएसएचची पब्लिक की (किल्ल्यांच्या जोडीतली, इतरांना देता येणारी) जोडा. पब्लिकच! गुपित ठेवायची प्रायव्हेट की चिकटवली गेली, तर ती जोडी फुटली असं समजून नवी बनवा. 'अ‍ॅडमिन१' असं सामाईक खातं मागू नका. कोणी काय केलं हे लॉगमध्ये नावानिशी दिसायला हवं.

हक्क मिळाला की चाचणीच्या सर्व्हरवर एकदा करून बघा. जेन्किन्सची सर्व्हिस थांबवा, त्याच्या होम फोल्डरमधल्या 'कॉन्फिग डॉट एक्सएमएल' या सेटिंगच्या फाइलची प्रत काढून ठेवा, मूळ फाइलमध्ये 'युज-सिक्युरिटी'समोरचं 'ट्रू' बदलून 'फॉल्स' करा आणि सर्व्हिस सुरू करा. आता लॉगिन विचारलं जाणार नाही, पण ते कोणालाच विचारलं जाणार नाही. नेटवर्कवरून जो कोणी पान उघडेल तो अ‍ॅडमिन, आणि साठवलेली सगळी क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, टोकन, किल्ल्या) त्याच्या हाताशी. म्हणून बदल करण्याआधीच फायरवॉलमधून जेन्किन्सचं ८०८० हे पोर्ट, किंवा तुमच्याकडे जे असेल ते, स्वतःपुरतं ठेवायचं. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या जेन्किन्सकडे पोचवणारा मधला सर्व्हर) असेल तर तीही बंद.

खऱ्या बिघाडात हे केलं असेल, तर एलडॅपचं दुखणं बरं झालं की सिक्युरिटी पुन्हा चालू करा. कोणाला काय करता येतं तो हक्कांचा तक्ता आधी काढून ठेवलेल्या प्रतीशी ताडून पाहा, दुसऱ्या कोणाला तरी लॉगिन करायला सांगा, मगच पोर्ट उघडा. फाइल कधी बदलली आणि कधी पूर्ववत केली, दोन्ही वेळा त्याच तिकिटावर नोंदवा. मुदतवाढ मागताना ऑडिटवाले नेमकं तेच विचारतात.