तळघरातली ओल नेमकी येते कुठून?

पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत काळ्या दगडाचं तळघर असतं आणि पावसाळ्यात तिथे कुबट वास, भिंतीला लोणा (क्षारांची पांढरी पूड), खाली ठेवलेल्या ट्रंकांना बुरशी हे ठरलेलं. त्यावर बहुतेक जण सिमेंटचा गिलावा मारून वर वॉटरप्रूफ पेंट लावतात. माझं स्पष्ट मत आहे की यानेच दुखणं वाढतं.

काळा दगड म्हणजे बेसाल्ट, तो घट्ट असतो, स्वतः फारसं पाणी पीत नाही. जमिनीतलं पाणी वर चढतं ते दर्जांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, चुन्यातून आणि भिंतीच्या पोटातल्या भरावातून, बारीक छिद्रांमधून ते आपोआप ओढलं जातं, यालाच केशाकर्षण म्हणतात. पण चुन्याची भिंत त्याच छिद्रांतून पाणी हवेत सोडूनही देते. सिमेंट आणि पेंटने ती वाट बुजवली की पाणी आत कोंडतं, अजून वर चढतं, जिथे सुकायला जागा मिळेल तिथे बाहेर पडतं, आणि सोबत आलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन इतका जोर लावतात की पोपडेच सुटतात.

आता दुसरं पाणी, जे जमिनीतून येतच नाही! जुलैत बाहेरची हवा समजा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के, म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम वाफ. तळघराची भिंत 24 अंशांवर असेल तर तिला टेकलेल्या हवेत जेमतेम 22 ग्रॅम मावते, उरलेलं दगडावर थेंब होऊन बसतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं तसंच. म्हणून भर पावसात "जरा हवा खेळू दे" म्हणून झरोके उघडले की ओल उलट वाढते. ते उघडायचे हिवाळ्यात, कोरड्या हवेत. पावसाळ्यात बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ ओढून घेणारं यंत्र) लावला तर खरंच फरक पडतो.

आपल्याकडे यातलं कुठलं पाणी आहे हे बघायला प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस थांबा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतलं पाणी, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतलं, आणि कधीकधी दोन्हीकडे असतात.

भिंतीतलं असेल तर आधी बाहेर जाऊन बघा. पागोळ्या जोत्यालगत पडतायत का, पन्हळ फुटलंय का, अंगणाचा उतार घराकडे झालाय का, मोरीचा पाइप गळतोय का. बाहेरचं पाणी लांब वळवलं तर निम्मं काम तिथेच होतं असं मला वाटतं. मग आतलं सिमेंट दगडाला धक्का न लावता हळूहळू काढायचं, लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाकायचा (पाण्याने धुतला तर क्षार परत आत जातात), आणि दर्जा चुन्यानेच भरायच्या, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी चालेल. जाड भिंत सुकायला महिनोन्महिने लागतात, साधारण इंचाला एक महिना असा ठोकताळा आहे, तेव्हा दिवाळीच्या आत रंग लावायची घाई करू नका.